मागच्या आळीचा वकील

“वकील! ओ वकील!” अशी हाक रस्त्याच्या पलीकडून आली तेव्हा तो चौक ओलांडत होता, आणि त्याला वाटलं, कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय. राजधानीच्या या भागात वकिलांना तोटा नव्हता. वरच्या कोर्टाच्या पायऱ्या इथून दिसत आणि दुपारच्या सुट्टीत काळे कोट घातलेली माणसं इथल्या दुकानांपुढे उभ्याउभ्या काहीबाही पोटात ढकलत असत. त्यांतल्या एकदोघांनी मानाही वळवल्या. याने वळवली नाही. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला आणि मग त्याला कळलं. ती हाक त्यालाच होती. ‘वकील’मधला ‘व’ ओठ दाबून जवळजवळ ‘ब’सारखा म्हणणारा माणूस त्याच्या आयुष्यात एकच होता. जोड्यांच्या दुकानापुढे तो थांबला आणि काचेत पाहिलं. मागे, सिग्नलच्या खांबापाशी, गावाकडचा पाववाला उभा होता. बगलेत कापडी पिशवी, अंगात धुऊन धुऊन आखडलेला कोट, आणि एक हात अजून वर. गाड्या सुटल्या होत्या. त्यांच्या मधूनमधून तो हात दिसत होता, नाहीसा होत होता, पुन्हा दिसत होता. वकिलाने काचेमागचे जोडे पाहिले. तपकिरी जोडे होते, पुढून निमुळते, कुणाही भल्या माणसाची बोटं चेपतील असे. ते त्याने नीट पाहिले, आणि मग तो चालू लागला.

गोंगाटात ऐकू आलं नाही, असं त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जबाब वाईट नव्हता. पण उभी हयात दुसऱ्यांचे जबाब खिळखिळे करण्यात गेलेली, त्यामुळे समोरचा वकील लगेच उठून उभा राहिलाच. हाक ऐकू आली होती ना? आली होती. मग ऐकू आली नाही असं कसं म्हणता? आली, पण मला आहे हे कळलं नाही. कधी कळलं? नंतर. नंतर म्हणजे तो माणूस निघून गेल्यावर? नाही. तो उभा असतानाच? हो. मग काय केलंत? जोडे पाहिले. घ्यायचे होते? नाही. समोरच्या वकिलाने पुढे काही विचारलं नाही, नुसता न्यायाधीशाकडे पाहून खाली बसला. चांगला वकील इथेच खाली बसतो, हे याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

खरं म्हणजे त्याला ‘वकील’ म्हणणारं आता उरलंच होतं कोण? इथे राजधानीत तो ‘साहेब’ होता, म्हणजे हजार साहेबांतला एक. गावी ‘आमदारसाहेब’. बायकोच्या शाळेतल्या बाई, ज्यांनी पूर्वी त्याच्या फाटक्या छत्रीची थट्टा केली होती, त्यासुद्धा आता ‘आमदारसाहेब बरे आहेत ना’ असं तिला विचारत, आणि ती म्हणे, “आमदार बरे आहेत, माझ्या नवऱ्याचं मात्र काही कळत नाही.” असं बोलायची तिची जुनी खोड. गावातल्या कोर्टाच्या व्हरांड्यात, पत्र्याखाली, तीन पायांवर आणि एका विटेवर उभ्या असलेल्या टेबलामागे तो जेव्हा बसायचा, तेव्हा तो फक्त वकील होता. नावाजलेला नव्हे, कामाचाही फारसा नव्हे, कारण काम यायचं ते उरलंसुरलं. कुणाच्या बकरीने कुणाचा वाफा खाल्ला, कुणाच्या गटाराचं पाणी कुणाच्या ओट्यावर आलं. बार रूममधले बुजुर्ग वकील त्याला पाहून म्हणत, “ये, ये, गटारांचे बॅरिस्टर!” तो हसायचा. हसल्याशिवाय तिथे खुर्ची मिळत नसे.

मग मागच्या आळीतली माणसं आली. गावाच्या कडेला काचेचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागे कामगारांच्या घरांची एक लांबलचक आळी. कारखाना बंद पडला, भट्ट्या विझल्या, मालक परागंदा झाले, माणसं मात्र तिथेच राहिली. कुठे जाणार? कुणी हमाली करू लागलं, कुणी बाटल्या गोळा करू लागलं. कोपऱ्यावरचा पाववाला, ज्याच्या बापाने पाळीवर येणाऱ्या कामगारांसाठी भट्टी लावली होती, तो पाव भाजतच राहिला. पुढे कुणीतरी ती सगळी जमीन विकत घेतली आणि एका सकाळी आळीतल्या प्रत्येक दारावर घर खाली करायची नोटीस चिकटलेली दिसली. मुदत टळली, दावा लागला, निकाल ठरल्यातच जमा होता. बारमधल्या सगळ्यांनी कागद पाहून परत दिले. “हरलेली केस आहे बाबांनो, सामान बांधा.” शेवटी पाववाला त्या तीन पायांच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. “वकील,” तो त्याच्या त्या दाबलेल्या ‘व’ने म्हणाला, “सगळे म्हणतात हरणार. तुम्ही निदान भांडून हरा. आम्हांला बघू तरी द्या.”

भांडायला जागा कुठे होती, हे त्याला त्याच संध्याकाळी दिसलं, आणि ते कायद्याच्या पुस्तकात दिसलं नव्हतं. त्याचा बाप कोर्टाचा बेलीफ होता. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम लोकांच्या घरी पोचवणारा. फार भिडस्त माणूस. जिच्या घरावर जप्ती आणायची ती बाई ‘दादा, पाणी घ्या’ म्हणाली तर ते पाणी त्याच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून त्याने आपली एक वाट काढली होती. दारावर बोटाच्या पेराने अशी टकटक करायची की आतल्याला ऐकू जाऊ नये. मग खळ लावायची, कागद चिकटवायचा, आणि अहवालात लिहायचं, ‘हाती दिली.’ शाळेला सुट्टी असली की खळीचा डबा धरायला तो पोराला बरोबर नेई. दारापलीकडे भांड्यांचा आवाज यायचा, कुणी खोकायचं, एखादं मूल हट्ट करायचं. अलीकडे ही बापलेकाची जोडी श्वास धरून उभी. “चल,” बाप कुजबुजायचा, आणि दोघे चोरासारखे गल्लीबाहेर पडत. गावात त्याला ‘चिकटवबाबा’ म्हणत. तो मेला तेव्हा खांदा द्यायला आलेल्या एकाने हळूच विचारलं होतं, “हाती दिलं का चिकटवलं?” आणि बाकीच्यांनी हसू दाबलं होतं.

तर जुन्या कायद्यात म्हटलं होतं, नोटीस रहिवाशाच्या हाती दिली पाहिजे. वकिलाने नव्या बेलिफाला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, “आपण नोटीस कुणाच्या हाती दिलीत?” “दारावर लावली.” “दाराला हात असतात?” कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्यांनी कायद्याचं पुस्तक पुढे ओढलं. वकिलाला मात्र पिंजऱ्यात नवा बेलीफ दिसतच नव्हता. तिथे एक वाकलेला माणूस उभा होता, खळीने बोटं चिकट झालेला, आणि मुलगा त्याला भर कोर्टात विचारत होता, खोटं का लिहिलंत? आळी वाचली. निकाल वरच्या कोर्टात टिकला, राज्यभर गेला. पुढच्या निवडणुकीत गावातल्या भिंतींवर त्याच्या फोटोशेजारी एवढंच लिहिलेलं होतं: ‘दाराला हात नसतात!’ आळीतली माणसं स्वतःची कामं सोडून दारोदार फिरली. तो निवडून आला, दुसऱ्यांदाही आला. विजयाच्या मिरवणुकीत पाववाल्याने त्याला खांद्यावर घेतलं होतं. वर बसल्याबसल्या त्याला गावातल्या साऱ्या दारांच्या वरच्या चौकटी दिसत होत्या, आणि का कोण जाणे, बापाची फार आठवण येत होती.

राजधानीत येऊन मात्र कळलं की इथे भांडायचं नसतं, बसायचं असतं. तो मागच्या बाकावर बसला. प्रश्न विचारले, त्यांना छापील उत्तरं मिळाली. भाषणं केली, ती लघुलेखकांनी ऐकली. पक्षाचे नेते, ज्यांना सगळे ‘थोरले’ म्हणत, त्याला पाहिलं की गालात हसायचे आणि पुढच्या माणसाशी बोलू लागायचे. आणि मग गेल्या महिन्यात थोरल्यांनी त्याला बोलावलं. मोठी खोली, जाड पडदे, भिंतीवर त्यांचा स्वतःचाच फोटो, बऱ्याच तरुणपणीचा. थोरल्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला.

“हे पाहा,” ते म्हणाले, “तुमच्या त्या एका मुद्द्यापायी सबंध राज्यात जमिनी अडकून पडल्यात. कारखाने येत नाहीत, रस्ते होत नाहीत. आमचे कायदेपंडित तीनदा मसुदा करून बसले. दर वेळी कोर्टात फुटतो.”

“मी काय करू शकतो?”

“अहो, भोक तुम्ही पाडलंत. ठिगळही तुम्हीच लावा. कुठे किती फाटलंय ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?” मग पडद्याकडे पाहत, सहज आठवल्यासारखं म्हणाले, “विधी खात्याला राज्यमंत्री नाहीये सध्या. बरं दिसत नाही ते.”

आपण नाही म्हणालो असतो का, याचा विचार त्याने नंतर पुष्कळ केला. पण गंमत अशी, आणि हीच गोष्ट तो आता चालताना चाटून चाटून कडू करून घेत होता, की त्या क्षणी त्याच्या मनात ना मंत्रिपद आलं ना आळी. त्याच्या मनात वाक्य आलं. खुर्चीतून उठायच्या आधीच ते वाक्य आलं होतं, पुरं, स्वच्छ, सगळ्या दारांना कड्या घातलेलं. सचिवालयातल्या एका उंच खिडकीच्या खोलीत, मसुदे करणाऱ्या अधिकाऱ्याशेजारी बसून त्याने ते लिहून काढलं: घराच्या दर्शनी भागावर नोटीस चिकटवली असता ती तेथील प्रत्येक रहिवाशाच्या हाती दिली गेली असे मानण्यात येईल, प्रत्यक्षात ती कोणास मिळाली नसली तरीही, मग ते कोणत्याही कारणाने असो. अधिकारी जुना, मुरलेला माणूस. त्याने वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “साहेब, सुईलासुद्धा जागा ठेवली नाहीत.” वकील लाजला. कित्येक वर्षांत कुणी त्याच्या कामाची अशी तारीफ केली नव्हती. दोघांनी मिळून मग दुपारभर पोटकलमं घासली, स्वल्पविराम हलवले, मधे चहा मागवला, एका शब्दावरून गोडीत वादही घातला. त्या दुपारी तो सुखी होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोभ असता तर त्याचं काहीतरी करता आलं असतं. लोभी माणसं पस्तावतात, सुधारतात. पण त्याला काम आवडलं होतं. बापाने आयुष्यभर लाजत लाजत केलेलं पाप मुलाने एका वाक्यात कायदेशीर करून टाकलं होतं, आणि वाक्य सुंदर झालं होतं.

तो आमदार निवासावर पोचला तेव्हा खालच्या दालनात पाववाला त्याच्या आधी येऊन बसला होता. बाकड्याच्या अगदी टोकावर, जणू बाकीचं बाकडं कुणाचं तरी आहे. त्याला पाहताच तो उठला.

“आत्ताच चौकात मी तुम्हांला हाक मारली,” तो हसत म्हणाला, “तर ते तुम्ही नव्हतातच! डोळे गेले हो माझे भट्टीपुढे. चाल अगदी तुमच्यासारखी. पण म्हटलं, आपले वकील हाक मारल्यावर थांबले नसते का?”

वकिलाने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. साक्षीदार खोटं बोलतोय का हे ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या भाजल्या चेहऱ्यावर त्याला काही सापडलं नाही. जे सापडलं नाही तेच जास्त लागलं. तो त्याला वर खोलीत घेऊन गेला. पाववाल्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाव काढले, टेबलावर ठेवले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

“आळीतली पोरं घाबरलीयत. कसलासा कायदा येतोय म्हणे. पेपरात आलंय. मी म्हटलं, अरे, आपला माणूस तिथं बसलाय. त्याला विचारल्याशिवाय का कायदा येणारे? म्हटलं, जातो, त्यांच्या तोंडूनच ऐकून येतो, म्हणजे यांची तोंडं बंद.”

“मला विचारल्याशिवाय नाही येणार,” वकील म्हणाला.

“हेच! हेच म्हटलं मी!” पाववाल्याने मांडीवर थाप मारली. “शब्द दिलात, संपलं. वहिनी बऱ्या आहेत ना? आमची म्हणत होती, वहिनींच्या हाताखाली धाकटीचं अक्षर फार सुधारलं.” आणि मग तो पोटभर आळीबद्दल बोलत राहिला. कुणाचं छप्पर गळतं, कुणाची सून कामाला लागली, दोन शेजारणींचं भांडण मिटवताना त्याचा स्वतःचाच कान कसा ओढला गेला. वकील हसत होता. योग्य ठिकाणी ‘हो का?’ म्हणत होता. आपण काही खोटं बोललो का, असं तो आतल्या आत चाचपत होता. नाही बोललो. कायदा आपल्याला विचारूनच येत होता. शब्द अन् शब्द खरा होता. त्याला आठवेना की खरं बोलण्याची ही रीत आपण नेमकी कधी शिकलो. कोर्टात, की त्याही आधी, कुणाच्या तरी बंद दारापुढे, श्वास धरून उभं असताना. पाववाला निघाला तेव्हा त्याने त्याला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून हातात हात दिला. तो हात खरखरीत आणि कोमट होता, आणि त्याने याचा हात बराच वेळ सोडला नाही.

कायदा दोन दिवसांत मंजूर झाला. त्याला बोलायला उभं केलं गेलं आणि तो चांगलं बोलला. ज्याच्यामुळे जुना कायदा फुटला तोच नव्याच्या बाजूने उभा आहे म्हटल्यावर विरोधकांच्या तोंडचं पाणीच पळालं. सगळ्या सभागृहाने बाकं वाजवली. मतदानाआधी थोरल्यांनी त्याच्या कानाशी लागून सांगितलं होतं, “जुन्या वस्त्यांना वर्षभर सूट देऊन टाका. तुमच्या नावाने दुरुस्ती येऊ दे. मधे निवडणूक आहे, लोकांनी काहीतरी पाहायला पाहिजे.” तशी दुरुस्ती आली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: आमदारांच्या आग्रहामुळे वस्त्यांना दिलासा. मंत्रिमंडळाचा विस्तार आठवड्याने झाला. विधी खातं थोरल्यांच्या भाच्याला मिळालं. वकिलाला विधिमंडळाच्या ग्रंथालय समितीचं अध्यक्षपद मिळालं. त्याने अभिनंदनाचे फोन घेतले. एकाने तर विचारलं, “वाचनाची आवड होतीच ना तुम्हांला?” तो हसला. इथेही खुर्ची तशीच मिळत होती.

तो गावी गेला तेव्हा घर नेहमीसारखं होतं. ओट्यावर घासून पालथी घातलेली भांडी, खिडकीत बायकोच्या तपासायच्या वह्यांची चळत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत, टायपिस्टला द्यायला काही नसायचं तेव्हा, त्याचे दावे, कैफियती, अर्ज सगळं ती आपल्या गोल अक्षरात उतरवून द्यायची. मधेच थांबून म्हणायची, “तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवला.” तेव्हा त्याला तिच्याशी सगळं बोलावंसं वाटायचं. आता ती त्याला वाढत होती आणि दोघांच्या मधे टेबलावर घडी घातलेलं वर्तमानपत्र पडलेलं होतं, ज्यात तो कायदा पुरता छापून आला होता.

“हे तुम्ही लिहिलंय,” ती म्हणाली.

“सरकारने लिहिलंय. मी दुरुस्ती आणली.”

“सरकारला असं लिहिता येत नाही.” ती आवाज न चढवता बोलत होती, पोराची चूक दाखवावी तशी. “‘मग ते कोणत्याही कारणाने असो.’ किती वेळा उतरवून काढलंय मी हे? आई आजारी होती तेव्हा मला जाऊ दिलं नाहीत, तेव्हाही हेच म्हणाला होतात. ‘परीक्षा संपेपर्यंत जायचं नाही, मग ते कोणत्याही कारणाने असो.’ मी दाराआड उभी राहून रडले होते आणि मला हसूही येत होतं, की हा माणूस भांडतोसुद्धा कलमांत.”

तो जेवत राहिला.

“वर्षभर मुदत आहे,” शेवटी तो म्हणाला. “वर्षात काहीतरी मार्ग निघेल.”

“काढणार कोण?”

त्याने वर्तमानपत्र बाजूला सरकवलं.

“त्यांना ठाऊक आहे?”

“आत्ता सांगून काय होणारे? उगाच घबराट. निवडणूक तोंडावर आहे. मी निवडून आलो तर निदान त्यांच्यासाठी आत कुणीतरी असेल. नाही आलो तर कोण आहे त्यांना?”

हे त्याला खरंच पटलेलं होतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. ती अनोळखी बाईसारखी पाहत होती, गाडीत समोरच्या बाकावर बसलेल्या प्रवाशाकडे पाहावं तशी. मग तिने ताट उचललं.

“उद्या आळीत तुमचा सत्कार ठेवलाय म्हणे,” नळाखाली हात धुता धुता ती म्हणाली. “मी येणार आहे.”

इतक्या वर्षांत ती त्याच्या एकाही सभेला आली नव्हती. “भाषणं घरी फुकट मिळतात,” असं म्हणायची. त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं. ये म्हणावं की येऊ नको म्हणावं, हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तोवर तिने नळ बंद केला होता.

सत्कार कारखान्याच्या रिकाम्या गोदामात होता. आळीतल्या बायकांनी ते झाडून पुसून लख्ख केलं होतं. वरच्या फुटक्या तावदानांतून दुपारचं ऊन खाली पडत होतं आणि झाडल्यावरही फटींत राहिलेले काचेचे बारीक कण जमिनीवर चमचमत होते. भाड्याच्या खुर्च्या. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, पुढे पोरं. वकिलाला मंचावर बसवलं, हातात फुलं दिली. त्याने बसल्याबसल्या एकेक चेहरा ओळखला. हमाल, बाटलीवाली, सुतार, कारखान्याच्या आगीत एक डोळा गेलेला म्हातारा फुंकारी, जो पूर्वी नळीने काच फुंकायचा आणि ज्याचे गाल अजून सैल लोंबत होते. बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत त्याची बायको बसली होती, पाववाल्याच्या बायकोशेजारी. दोघी काहीतरी बोलत होत्या. पाववाल्याची बायको हसत होती.

पाववाला माईकपुढे उभा राहिला. एरवी आळीभर घुमणारा त्याचा आवाज माईकपुढे लहान पोरासारखा झाला. “मी काय बोलू?” तो म्हणाला. “मला पाव भाजता येतो. पण एक सांगतो. लोक म्हणायचे, वकील आता मोठे झाले, तुम्हांला ओळखणार नाहीत. मी गेलो होतो राजधानीला. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. गाडीत बसवून द्यायला आले. सगळ्या राज्याच्या घरांवर कायदा आला आणि आपल्यावर आला नाही. का? तर आपला माणूस आडवा झाला!” टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या घातल्या. वकिलाला सांगावंसं वाटलं, आला नाही असं नव्हे, थांबलाय. पण पाववाला वळून त्याच्याकडे पाहत होता आणि त्याचे ते भट्टीपुढे गेलेले डोळे पाण्याने भरले होते.

त्याचं नाव पुकारलं गेलं. उठताना त्याने ठरवलेलं होतं, सांगायचं. रात्रभर तो वाक्य जुळवत होता. साधं सांगायचं, फाटे न फोडता: हा कायदा मी लिहिला, वर्षाने तुमची घरं जातील, मला माफ करा, आणि आत्तापासून भांडायची तयारी करा. माईकची उंची कुणीतरी वर केली. गोदाम शांत झालं. पहिल्या रांगेतल्या एका पोरीने तोंडातलं बोट काढलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं. ते आपलं आपणच आलं, पुरं, स्वच्छ.

“या कायद्यातला शब्द न् शब्द,” तो म्हणाला, “मला माहीत आहे. तो कसा झाला, कुणी केला, त्यात माझा वाटा किती, हे मी आज इथे तुमच्यापासून लपवणार नाही. जे झालं त्याची सगळी जबाबदारी माझी आहे.”

गोदाम टाळ्यांनी दणाणलं. म्हातारा फुंकारी उभा राहून टाळ्या वाजवू लागला, त्याला पाहून बाकीचे उभे राहिले. वकिलाने हात जोडले. एकही शब्द खोटा नव्हता. टाळ्या ओसरल्या की पुढचं बोलू, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि त्या क्षणी त्याची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली. सगळे उभे होते, त्याची बायको बसलेली होती. तिने वर पाहिलं, त्याची नजर पकडली, क्षणभर धरली, जणू शेवटची संधी देत होती. तो अजून हात जोडून उभा होता. मग तिने पाववाल्याच्या बायकोचा पदर ओढून तिला खाली बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

काय सांगितलं ते मंचावरून ऐकू येत नव्हतं. फार नव्हतं ते, दोनतीन वाक्यं असावीत. पाववाल्याची बायको आधी हसली, मग मागे सरून हिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिचा टाळ्यांसाठी उचललेला हात तसाच छातीशी राहिला. बायको काही समजावत नव्हती, रडतही नव्हती. वर्गात प्रश्नाचं उत्तर सांगावं तशी मान हलवून ‘हो’ म्हणत होती. पाववाल्याची बायको पलीकडच्या बाटलीवालीकडे वळली. बाटलीवालीने मागच्या खुर्चीकडे मान वळवली. टाळ्या थांबल्या, बाप्ये खाली बसले, पाववाला मंचाच्या कोपऱ्यावर पावलं जुळवून, हसऱ्या तोंडाने, पुढचं ऐकायला उभा राहिला. आणि बायकांच्या बाजूने ती गोष्ट रांगेमागून रांग मागे जात होती. माना वळत होत्या, डोकी एकमेकींकडे झुकत होती आणि वर येताना वेगळी होऊन येत होती. शेवटच्या रांगेतून एक बाई उठून बाप्यांच्या बाजूला आली आणि सुताराच्या खांद्यावर तिने हात ठेवला.

आता बाप्यांच्या रांगा. तो ते येताना स्पष्ट पाहत होता, मागून पुढे, खुर्ची खुर्चीने. पुढच्या तीन रांगा अजून त्याच्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. अजून वेळ होता. तो आत्ता म्हणू शकला असता, त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी स्वतःच्या तोंडाने, एक साधं वाक्य. त्याने माईक हातात घट्ट धरला. “मित्रांनो,” तो म्हणाला, “ही आळी मला नवी नाही,” आणि तिसरी रांग गेली. तो कारखान्याच्या वैभवाबद्दल बोलू लागला, श्रमाबद्दल बोलू लागला. त्याचा आवाज छान लागला होता, वाक्यं एकात एक अडकून लांब लांब होत चालली होती, कारण वाक्य संपलं की तिथे शांतता असणार होती. दुसरी रांग गेली. म्हातारा फुंकारी कानामागे हात धरून शेजाऱ्याचं ऐकत होता. एवढ्यात मागे एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग दुसरी. पाववाला अजून हसत होता. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायला त्याच्या जवळ वकिलाखेरीज कुणी नव्हतंच. वकील त्याच्याकडे न बघता बोलत राहिला.